लाकडी दस्ता की सिंथेटिक? मुंबईच्या दमट हवेचा कौल

जून संपत आला की बोरिवलीपासून मुलुंडपर्यंत घरोघरी एक तक्रार ऐकू येते: दरवाजा लागत नाही. मे महिन्यात अलगद बंद होणारी लाकडी फळी चौकटीत अडकते आणि दिवाळी उलटली की कुणी हात न लावता पुन्हा सुटी होते. याच उपनगरांत नेमबाजी शिकणाऱ्या मुलामुलींच्या घरी कधीतरी स्वतःची एअर रायफल घ्यायची वेळ येते, आणि पालकांपुढे पहिलाच प्रश्न उभा राहतो तो दस्त्याचा. रायफलचा जो भाग खांद्याला टेकतो, गालाला लागतो आणि नळीला आधार देतो तो दस्ता. नेमबाज त्याला स्टॉक म्हणतात. तो लाकडी घ्यावा की सिंथेटिक? दुकानात ही चर्चा देखणेपणा, वजन आणि किंमत यांच्याभोवतीच फिरते. पण दरवाजा फुगवणारी हवा दस्त्यालाही सोडत नाही. म्हणून मुंबईत या प्रश्नाचा विचार हवेतल्या ओलाव्यापासून सुरू करावा लागतो.

पाव मिलिमीटरचा खेळ

ऑलिम्पिकमधली एअर रायफल १० मीटरवरून झाडतात. छर्रा ४.५ मिलिमीटरचा, आणि लक्ष्याच्या मध्यावरचा दहाचा ठिपका अवघ्या अर्ध्या मिलिमीटरचा. आता गुण दशांशात मोजले जातात, सर्वोत्तम गोळी १०.९ ची. छर्रा मध्यापासून पाव मिलिमीटर सरकला की दशांश गुण जातो. रायफलच्या नेम धरायच्या पुढच्या आणि मागच्या साइटमधले अंतर ८० सेंटिमीटर धरले, तर त्यांच्या रेषेत एका मिलिमीटरच्या पन्नासाव्या भागाइतका फरक पडला तरी लक्ष्यावर तो पाव मिलिमीटर होऊन उमटतो.

या खेळात महाराष्ट्राने मोठी माणसे दिली. दादरच्या कीर्ती महाविद्यालयात एनसीसीतून बंदूक हाती घेतलेल्या अंजली भागवत २००० साली सिडनी ऑलिम्पिकच्या अंतिम फेरीत पोहोचल्या. सुमा शिरूर यांनी २००४ साली क्वालालंपूरच्या आशियाई स्पर्धेत ४०० पैकी ४०० गुण मिळवले. ठाण्याचा रुद्रांक्ष पाटील २०२२ मध्ये कैरोत जगज्जेता झाला. पाण्याचे पाइप बनवणारी वालचंद हिराचंद यांची इंडियन ह्यूम पाइप ही मुंबईची कंपनी एके काळी एअर रायफलीही बनवत असे. म्हणजे हे हत्यार या शहराला नवे नाही, आणि इथली दमट हवाही त्या हत्याराला नवी नाही.

स्प्रिंगची रायफल वेगळी, हवेच्या सिलिंडरची वेगळी

दस्त्याला किती महत्त्व द्यायचे हे रायफलच्या जातीवर ठरते. आजच्या स्पर्धेच्या रायफलीत सुमारे २०० बार दाबाने भरलेला हवेचा सिलिंडर असतो. चाप ओढला की मोजून थोडी हवा सुटते आणि अर्ध्या ग्रॅमचा छर्रा सेकंदाला सुमारे १७० मीटर वेगाने बाहेर पडतो. त्याची ऊर्जा साडेसात ज्यूलच्या आसपास असते. आपल्याकडे ४.५ मिलिमीटरच्या रायफलीला परवान्याविना मुभा आहे ती २० ज्यूलपर्यंत, त्याच्या निम्म्याहूनही ही ऊर्जा कमी आहे. पाच किलोच्या रायफलीतून एवढा हलका छर्रा नळी सोडेपर्यंत रायफल मागे सरकते ती मिलिमीटरच्या विसाव्या भागाइतकीच.

स्प्रिंगच्या रायफलीत मात्र आत पाव किलोच्या आसपासचा पिस्टन पुढे झेपावतो. तो सात-आठ सेंटिमीटर पुढे जाताना रायफलीला काही मिलिमीटर मागे ढकलतो आणि टोकाशी दाबलेल्या हवेवर आदळून रायफलीला पुन्हा पुढे खेचतो. छर्रा नळीतून बाहेर पडतो तो या हिसक्याच्या मधोमध. सरावासाठी घेतलेल्या बहुतेक स्वस्त रायफली याच जातीच्या असतात. म्हणून दस्ता घट्ट आहे की ढिला, जड आहे की पोकळ, याचा परिणाम महागड्या रायफलीपेक्षा या रायफलींवर कितीतरी जास्त दिसतो. शिकाऊ नेमबाजाने दस्त्याकडे अधिक लक्ष द्यायचे ते यासाठी.

लाकूड पाणी कसे पिते

लाकूड म्हणजे एका दिशेने रचलेल्या सेल्युलोजच्या लांबट पेशी. सेल्युलोजच्या रेणूवर हायड्रॉक्सिल गट असतात आणि हवेतले पाण्याचे रेणू हायड्रोजन बंधांनी त्यांना चिकटतात. पाणी पेशींच्या भिंतीत शिरले की भिंती जाड होतात, म्हणून लाकूड रुंदीत फुगते. लांबीत मात्र जवळपास तेवढेच राहते. ओले अक्रोड पूर्ण सुकताना वाढवलयांच्या दिशेने सुमारे साडेसात टक्के आक्रसते, बीच सुमारे बारा टक्के. लांबीत हा आकडा एक टक्क्याच्या काही दशांशांपलीकडे जात नाही.

आता हा हिशेब मुंबईला लावून पाहू. सांताक्रूझ वेधशाळेच्या परिसरात जुलैत हवेची सापेक्ष आर्द्रता ८५ टक्क्यांच्या आसपास असते. अशा हवेत लाकूड पुरेसा काळ राहिले की त्यातला ओलावा वजनाच्या १७-१८ टक्क्यांवर स्थिरावतो. ५० टक्के आर्द्रतेच्या वातानुकूलित खोलीत तोच ९ टक्क्यांवर येतो. एवढ्या फरकाने पाच सेंटिमीटर रुंदीचा अक्रोडाचा दस्ता सुमारे एक मिलिमीटर, तर बीचचा दीड मिलिमीटर कमीजास्त होऊ शकतो. हा बदल एका दिवसात होत नाही, त्याला आठवडे लागतात. जवसाचे तेल किंवा लॅकर पाण्याची वाफ पुरती अडवत नाही, तिचा वेग कमी करते.

खरे नुकसान होते ते अॅक्शन, म्हणजे नळी आणि चाप धरणारी यंत्रणा, दस्त्यावर आवळणाऱ्या स्क्रूंपाशी. पावसाळ्यात लाकूड फुगू पाहते, पण स्क्रू त्याला जागा देत नाही. दाब वाढत जातो आणि स्क्रूच्या डोक्याखालचे तंतू चिरडले जातात. हिवाळ्यात लाकूड आक्रसते तेव्हा चिरडलेले तंतू पूर्ववत होत नाहीत, आणि गच्च आवळलेला स्क्रू आपोआप ढिला पडतो. त्यात स्प्रिंगचे हिसके बसत राहिले की छर्रे विखुरतात आणि मुलाला वाटते, आपलाच हात बिघडला. साइट नळीला आणि अॅक्शनला जोडलेल्या असतात, त्यामुळे लाकूड फुगल्याने त्या थेट हलत नाहीत. हलतो तो अॅक्शन आणि दस्ता यांच्यातला सांधा. चांगले कारागीर म्हणूनच स्क्रूभोवती अॅल्युमिनियमच्या नळकांड्या बसवतात. त्यांना पिलर म्हणतात. स्क्रूचा ताण मग लाकडाऐवजी धातूवर येतो.

सिंथेटिक म्हणजे एकच पदार्थ नव्हे

सिंथेटिक दस्ता पावसाला जुमानत नाही, हा समज निम्माच खरा आहे. बाजारात या एका नावाखाली एबीएस, पॉलिप्रॉपिलीन, काचतंतू मिसळलेले नायलॉन, फायबरग्लास आणि कार्बन फायबर हे सगळे मिळते. त्यातले नायलॉन पाणी पिते. त्याच्या साखळीतले अमाइड गट लाकडातल्या हायड्रॉक्सिल गटांप्रमाणेच हायड्रोजन बंधांनी पाणी धरून ठेवतात. साधे नायलॉन पाण्यात भिजत ठेवले तर वजनाच्या आठ-नऊ टक्के पाणी घेते. पाणी शिरले की साखळ्या एकमेकींवरून सहज सरकतात आणि पदार्थ मऊ पडतो. ३० टक्के काचतंतू असलेल्या नायलॉनचा ताठपणा ओलाव्याने साधारण एक तृतीयांशाने घटतो. ते लाकडासारखे वाकडे होत नाही, पण पावसाळ्यात थोडे लवचिक होते. पॉलिप्रॉपिलीन जवळजवळ पाणी घेतच नाही, मात्र ते मुळातच मऊ असते.

ताठपणाचा हिशेब तर लाकडाच्या बाजूने जातो. अक्रोडाच्या रेषांच्या दिशेने ताठपणा सुमारे ११ गिगापास्कल आणि घनता ०.६४. ओलावा घेतलेल्या काचतंतू-नायलॉनचा ताठपणा सहाच्या आसपास आणि घनता १.३७. एवढ्याच वजनात लाकूड जवळपास चौपट ताठपणा देते. साच्यातून काढलेले दस्ते म्हणूनच आतून पोकळ आणि आडव्या बरगड्यांनी सांधलेले असतात, नाहीतर ते फार जड झाले असते. मात्र पोकळ दस्ता स्प्रिंगचा आवाज आणि थरथर वाढवतो, आणि पुढच्या हाताने किंचित दाबला तरी वाकतो. पण घामाने, पावसाच्या सरीने किंवा लोकलच्या गर्दीतल्या धक्क्याने त्याचे फारसे बिघडत नाही, आणि शाळकरी हातात हाही गुण मोलाचा असतो.

दोन्हींच्या मधला मार्ग लॅमिनेटेड लाकडाचा. पातळ काप राळेत भिजवून थर दाबले की एका थराचा मुरडण्याचा कल दुसरा थर आवरतो. असा दस्ता वजनाने जड असतो, पण पावसाळ्यात सरळ राहतो. काश्मीरचे अक्रोड आणि युरोपातल्या उंची बंदुकांच्या दस्त्यांचे अक्रोड ही एकच प्रजाती, जुग्लन्स रेजिया. त्या लाकडाचे सौंदर्य लॅमिनेटमध्ये उतरत नाही, हे मात्र मान्य करावे लागते.

स्पर्धेच्या रायफलीने काढलेला तोडगा

आज बहुतेक अव्वल नेमबाजांच्या हातात अॅल्युमिनियमच्या दस्त्याची रायफल असते. अॅल्युमिनियम पाणी पीत नाही, त्याचा ताठपणा ७० गिगापास्कल आहे, आणि तापमान १० अंशांनी बदलले तरी ८० सेंटिमीटर लांबीत ते दोन दशांश मिलिमीटरही वाढत नाही. पण तेच अॅल्युमिनियम त्वचेला लागले की उष्णता झपाट्याने ओढून घेते आणि घामट तळव्यात निसटते. म्हणून मूठ बहुतेक वेळा लाकडाचीच राहिली, आणि गालाचा आधार लाकूड किंवा प्लॅस्टिकचा. अक्रोड अॅल्युमिनियमपेक्षा हजारपटीहून कमी उष्णता वाहते. त्याला खरबरीत करता येते आणि ते कानसून प्रत्येकाच्या बोटांना बसवता येते.

या रचनेत मला सगळ्या वादाचे उत्तर दिसते. जिथे भार पेलायचा आणि अचूकता टिकवायची, तिथे न हलणारा पदार्थ हवा. जिथे माणसाचे शरीर लागते, तिथे शरीराला मानवणारा. लाकूड चांगले की सिंथेटिक, हा प्रश्न पूर्ण दस्त्याबद्दल विचारला तर त्याचे उत्तर सापडत नाही. सांधा, मूठ आणि गालाचा आधार यांच्याबद्दल वेगवेगळा विचारला की लगेच सापडते.

मग उपनगरातल्या घराने काय घ्यावे

सर्वांत आधी दस्ता अंगाला बसतो का ते पाहावे. उभ्याने नेम धरताना डाव्या हाताचे कोपर कमरेच्या हाडावर टेकते आणि रायफलीचे वजन स्नायूंऐवजी हाडांवर येते. खांद्यापासून चापापर्यंतची लांबी जास्त झाली की मूल मागे झुकते. गालाचा आधार खाली असला की मान वाकडी होते. बारा वर्षांचे मूल दोन वर्षांत झपाट्याने वाढते, म्हणून लांबी आणि गालाची उंची बदलता येणारा दस्ता कोणत्याही लाकडापेक्षा वा प्लॅस्टिकपेक्षा मोलाचा.

दुसरा विचार सांध्याचा. स्प्रिंगची रायफल घ्यायची असेल तर स्क्रूखाली धातूचे पिलर किंवा रुंद वॉशर आहेत का, हे दुकानात उघडून पाहावे. सिंथेटिक दस्ता हातात घेऊन पुढच्या भागाला अंगठ्याने बाजूने दाबावे. तो नळीला जाऊन टेकत असेल तर तो घेऊ नये. पदार्थाचा विचार या दोन्हींनंतर करावा. रोज लोकलने किंवा बसने ये-जा असेल आणि घरी रायफलीची निगा राखायला वेळ नसेल, तर भक्कम सिंथेटिक किंवा लॅमिनेटेड दस्ता घ्यावा. निगा राखायची आवड असेल तर अक्रोड आयुष्यभर साथ देते.

पावसाळ्यातली निगा सोपी आहे, ती नियमित हवी इतकेच. लाकडी दस्त्याची आतली खोबण आणि खांद्याला टेकणाऱ्या बटप्लेटखालचे कापलेले टोक कारागिराकडून लॅकरने बंद करून घ्यावे, कारण रेषांच्या टोकाकडून लाकूड बाजूपेक्षा कितीतरी वेगाने पाणी घेते. स्क्रूच्या डोक्यावर आणि दस्त्यावर सलग एक बारीक रेघ मारावी. रेघ तुटली की स्क्रू फिरला असे समजावे. सराव संपल्यावर घाम पुसावा आणि रायफल फोमच्या ओल्या पेटीत दिवसेंदिवस बंद ठेवू नये.

वातानुकूलित रेंजमधून बाहेर पडताना आणखी एक काळजी घ्यायची. जुलैत २९ अंश तापमान आणि ८५ टक्के आर्द्रता असली की दवबिंदू २६ अंशांच्या आसपास असतो. रेंजवर रायफल २३ अंशांवर आलेली असते. ती उघड्या हवेत काढली की नळीवर आणि अॅक्शनवर लगेच पाणी जमते आणि तिथून ते नेमके लाकडाच्या खोबणीत उतरते. म्हणून पेटी रेंजमध्येच बंद करावी आणि बाहेर आल्यावर रायफल कोमट होईपर्यंत उघडू नये.

शिकाऊ नेमबाजाचे गुण घसरले की प्रशिक्षक आणि पालक आधी मुलाच्या हाताकडे आणि मनाकडे बोट दाखवतात. माझी कळकळीची विनंती आहे की पावसाळ्यात आणि तो सरल्यावर हिवाळ्यातही त्याआधी स्क्रू तपासावेत. हवेने केलेल्या बदलाचा दोष मुलाच्या माथी मारला तर मूल खेळ सोडते, आणि पाना घेऊन पाच मिनिटे बसण्याची तयारी असेल तर ते टळू शकते.