नवी किल्ली आणि जुने परसदार

गडाचे दरवाजे रात्री मिटल्यावर आत येऊ पाहणाऱ्यास पहारेकरी परवलीचा शब्द विचारीत असे. शब्द जुळला की दिंडी उघडे. परंतु बोलणारा आपला माणूस आहे, की तो शब्द चोरून ऐकलेला शत्रू, हे त्यावरून कळत नसे. आजचा पासवर्ड हा त्याच शब्दाचा वंशज होय. त्याचा दोषही वारशानेच आला आहे.

हा दोष झाकण्यासाठी दुसरी खूण योजण्यात आली. दर 30 सेकंदांनी बदलणारे 6 आकडे ही त्यातील परिचित खूण. तिचा प्रमाण आराखडा 2011 साली प्रसिद्ध झाला. एकच गुप्त बीज सेवा देणाऱ्या संस्थेपाशी व खातेदारापाशी असते. बीज आणि घड्याळाची वेळ यांवरून दोन्हीकडे एकच गणित होते व उत्तर जुळते. नुसता पासवर्ड चोरून मग भागत नाही. तथापि हे आकडे दुसऱ्यास सांगता येतात, आणि तेथेच घात होतो. एखादा निवृत्त गृहस्थ हुबेहूब खऱ्यासारख्या दिसणाऱ्या पानावर विश्वासाने आकडे लिहितो. चोराला तेवढी अर्ध्या मिनिटाची मुदत पुरते, आणि जन्मभराच्या काटकसरीवर पाणी पडते.

पासकीची घडणच निराळी आहे. 1976 मध्ये डिफी व हेलमन यांनी मांडलेल्या उघड किल्लीच्या कल्पनेतून तिचा उगम झाला. किल्ल्यांची एक जोडी तयार होते. त्यांपैकी उघड किल्ली सेवेकडे जाते, खाजगी किल्ली फोनमध्ये किंवा पासवर्ड मॅनेजरमध्ये राहते. प्रवेशाच्या वेळी सेवा दरवेळी नवे कोडे पाठविते, खाजगी किल्ली त्यावर सही करते आणि ती सही उघड किल्लीने पडताळली जाते. गुपित कोठेही पाठवावे लागत नाही. शिवाय पासकी संकेतस्थळाच्या नावाशी जखडलेली असल्यामुळे नकली पानापुढे ती येतच नाही. माणसाचे डोळे फसले तरी ती फसत नाही. बोटाचा ठसा किंवा पिन दिल्यावरच ती चालत असेल, तर जवळची वस्तू आणि धन्याची ओळख अशा दोन्ही खुणा तिच्यात एकवटतात. म्हणूनच अनेक सेवा पासकीनंतर आकडे विचारीत नाहीत. तो निष्काळजीपणा नव्हे.

मग आकडे रद्दच करावेत काय? येथे वाड्याचे उदाहरण उपयोगी पडेल. पुढच्या दाराला नवे भक्कम कुलूप लावले, परंतु परसदाराची कडी तशीच ढिली राहिली, तर चोर पुढच्या दाराकडे फिरकणारही नाही. पासकी घेतल्यावरही पुष्कळ सेवा पासवर्डाची जुनी वाट खुली ठेवतात. ती वाट जोवर आहे, तोवर तिच्यावर आकड्यांचा पहारा हवाच.

आता हा सारा ऐवज एकाच पासवर्ड मॅनेजरमध्ये ठेवावा काय? पासवर्ड व बीज एकाच पेटीत ठेवले, की पेटी फुटताच दोन्ही हाती लागतात. दुसऱ्या खुणेचे वेगळेपण उरत नाही. तरीही दुसरीकडून फुटलेल्या पासवर्डापासून ते आकडे रक्षण करतातच. किरकोळ खात्यांसाठी एवढी सोय स्वीकारण्यास हरकत नाही. परंतु ज्या ई-मेलच्या आधारे इतर खात्यांचे पासवर्ड बदलता येतात, त्याचे आकडे वेगळ्या ॲपमध्ये ठेवणे श्रेयस्कर. खुद्द मॅनेजरचे आकडे तर केवळ त्याच्याच पोटात कधीही ठेवू नयेत. पेटीची किल्ली पेटीत टाकून झाकण लावण्यासारखेच ते होईल.

फोन हरवतो, पाण्यात पडतो, बिघडतो. त्या प्रसंगासाठी मिळणारे आपत्कालीन संकेत कागदावर लिहून घरातील महत्त्वाच्या दस्तऐवजांसोबत ठेवावेत, आणि ते कोठे आहेत हे घरातील एका विश्वासू माणसास ठाऊक असावे. कुलूप चोराला अडविण्यासाठी असते. त्यामुळे धनीच उंबऱ्याबाहेर अडकू नये, एवढी दक्षता ज्याची त्यानेच घ्यावयाची असते.