दिव्यांची दुनिया (लेखांक ९) : सोडियमचा सोनेरी उजेड

मागच्या लेखांकात आपण पाऱ्याच्या वाफेचा दिवा पाहिला. त्याला अनेक रस्त्यांवरून हटवले ते उच्च दाबाच्या सोडियम दिव्याने. महामार्ग, बंदरे, रेल्वेचे मालधक्के इथला तो सोनेरी-पिवळा उजेड याचाच. वायरमन मंडळी त्याला ‘सोडियम व्हेपर’ म्हणतात.

सोडियमच्या वाफेतून वीज गेली की पिवळा प्रकाश मिळतो. १९३०च्या दशकात युरोपातल्या रस्त्यांवर कमी दाबाचे सोडियम दिवे आलेही. पण त्यांचा जवळजवळ सगळा प्रकाश ५८९ नॅनोमीटरच्या आसपासचा, निव्वळ पिवळा. त्यात लाल आणि हिरवे कापड वेगळे ओळखू येत नाही. वाफेचा दाब वाढवला तर इतर रंगही मिळतात. पण इतकी तापलेली सोडियमची वाफ काचच काय, क्वार्ट्झसुद्धा पोखरून टाकते. दिवा अडला होता तो नळीपाशी.

वाट निघाली ती सिरॅमिकमधून. ॲल्युमिना, म्हणजे ॲल्युमिनियमचे ऑक्साइड, सोडियमला दाद देत नाही. मात्र भट्टीत भाजलेला ॲल्युमिना अपारदर्शक असतो, कारण त्यात अडकलेली सूक्ष्म छिद्रे प्रकाश विखुरतात. अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिकच्या प्रयोगशाळेत रॉबर्ट कोबल यांनी १९५०च्या दशकाच्या अखेरीस त्यात किंचित मॅग्नेशियम ऑक्साइड मिसळले. भाजताना छिद्रे निघून गेली आणि दुधी, पण प्रकाश आरपार सोडणारा ॲल्युमिना हाती आला. १९६०च्या दशकाच्या मध्यावर त्याचे दिवे बाजारात आले.

या दिव्याच्या काचेच्या आवरणात पेन्सिलीएवढी ॲल्युमिनाची नळी असते. तिची टोके बंद करायला बहुधा निओबियम वापरतात, कारण तापल्यावर दोन्ही जवळपास सारखेच प्रसरण पावतात. नळीत सोडियम-पाऱ्याचे मिश्रण आणि झेनॉन वायू, तर नळीभोवती उष्णता बाहेर जाऊ नये म्हणून निर्वात पोकळी.

दिवा लावला की इग्नायटर काही हजार व्होल्टचे झटके देतो आणि झेनॉनमधून ठिणगी चालू होते. आधी फिकट पांढुरका उजेड, मग गडद पिवळा आणि चार-पाच मिनिटांत सोनेरी. प्रवाह हाताबाहेर जाऊ नये याची काळजी चोक घेतो. वीज क्षणभर गेली तरी तापलेला दिवा लगेच पेटत नाही. नळी थोडी निवावी लागते.

या सोनेरी प्रकाशात एक नवल दडले आहे. ठिणगीच्या मध्यातून निघालेला ५८९ नॅनोमीटरचा प्रकाश कडेची थंड सोडियम वाफ स्वतःच शोषून घेते. त्यामुळे वर्णपटात नेमकी सोडियमची मूळ पिवळी रेषाच काळी दिसते आणि तिच्या दोन्ही अंगांचे रंग उजळतात.

हा दिवा टिकला तो काटकसरीवर. २५० वॉटचा दिवा सुमारे २७ हजार ल्युमेन प्रकाश देतो, म्हणजे दर वॉटला शंभराहून अधिक. पाऱ्याचा दिवा पन्नासच्या आसपास. चांगला दिवा २४ हजार तासही चालतो. रंग दाखवण्यात मात्र तो कच्चा. शंभरपैकी त्याला जेमतेम वीस-पंचवीस गुण मिळतात. म्हणून तो रस्त्यांवर आणि गोदामांत शोभला, कापडाच्या दुकानात नाही. नेदरलँड्समधल्या हरितगृहांत तो पिकांना उजेडासोबत ऊबही देत आला आहे.

आता बऱ्याच ठिकाणी त्याची जागा एलईडीने घेतली आहे. मुंबईत २०१५ मध्ये मरीन ड्राइव्हचा पिवळा उजेड जाऊन पांढरे एलईडी आले, तेव्हा मोठा वाद झाला. विजेची बचत हवीच. पण शहराच्या उजेडाचा रंग ठरवताना नागरिकांचे मतही मोजले पाहिजे.

वारंवार विझून पुन्हा पेटणारा सोडियम दिवा बहुधा म्हातारा झालेला असतो. काढलेला दिवा फोडू नका, कचऱ्यात टाकू नका. त्यात पारा असतो. तो ई-कचरा संकलनातच द्या.

पुढच्या लेखांकात : मेटल हॅलाइड दिवा.