लग्नाआधीचा करार आपल्याकडे चालतो का? स्टॅम्प पेपरपेक्षा ‘ही’ यादी कामाची

दिघाशी (ता. भिवंडी) : लग्नाआधीच्या कराराचे, म्हणजे ‘प्री-नप’चे व्हिडिओ हल्ली मोबाईलवर फिरतात. समृद्धी महामार्ग आमण्यापर्यंत आला, गोदामं वाढली, जमिनीला भाव आला. तेव्हा ‘उद्या बिनसलं तर कोणाचं काय?’ हा प्रश्न पडणं साहजिक आहे.

असा करार गोव्यात चालतो. तिथे १८६७ च्या पोर्तुगीज नागरी कायद्यापासून नवरा-बायकोची मालमत्ता निम्मी-निम्मी धरतात. तसं नको असेल तर लग्नाआधीच सरकारी नोंदणी करून करार करायचा. लग्नानंतर तो बदलता येत नाही.

महाराष्ट्रात हिंदू विवाह कायद्यात असा करार नाही. स्टॅम्प पेपरवर ‘पोटगी मागणार नाही’ असं लिहून घेतलं, तरी न्यायालयावर ते बंधनकारक नाही. मुस्लिम समाजात मात्र निकाहनाम्यात मेहर लिहिलेली असते आणि तो बायकोचा हक्क असतो.

मग आपण काय करायचं? लग्न ठरताना आपल्याकडे याद्या होतातच. पण ‘एवढे तोळे द्या, गाडी द्या’ अशी मागणीची यादी म्हणजे हुंडा. १९६१ च्या कायद्याने हुंडा देणाराही गुन्हेगार आणि घेणाराही. शिक्षा सहसा किमान ५ वर्षं.

न मागता दिलेल्या भेटींची यादी मात्र त्याच कायद्याच्या १९८५ च्या नियमांनी करायलाच सांगितली आहे. ती अशी करा :

• नवरीला मिळालेल्या वस्तूंची यादी नवरीकडे, नवऱ्याची नवऱ्याकडे.
• वस्तू, अंदाजे किंमत, देणाऱ्याचं नाव आणि नातं लिहा.
• लग्नातच किंवा नंतर लवकरात लवकर करा. दोन्ही याद्यांवर दोघांच्या सह्या हव्यात. सही येत नसेल तर वाचून दाखवून अंगठा घ्या.
• हाताने लिहिलं तरी चालतं. सोबत सोनाराची पावती ठेवा, मोबाईलवर फोटो काढून ठेवा.

याचा उपयोग काय? नवरीला मिळालेले दागिने हे तिचं स्त्रीधन. सासूबाईंनी कपाटात ठेवले तरी मालकी सुनेचीच. ते परत न देणं हा विश्वासघाताचा गुन्हा ठरू शकतो, असं सर्वोच्च न्यायालयाने १९८५ मध्येच सांगितलं आहे. घरात छळ होत असेल तर २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली ते परत मागता येतं. त्यासाठी संरक्षण अधिकाऱ्याकडे जाता येतं.

यादी नसली म्हणून हक्क बुडत नाही. पण ‘दागिने दिलेच नव्हते’ असं समोरच्याने म्हटलं, तर बापाला साक्षीदार शोधत फिरावं लागतं.

यादी मागितली म्हणजे सोयऱ्यांवर अविश्वास दाखवला असं नाही. आहेराची वही आपण लिहितोच ना? लेकीच्या दागिन्यांसाठी अजून एक पान लिहा. आणि त्यावर दोघांच्या सह्या घ्या.