दोन घरचा वारस

परवा मुलीला आणायला सखीरला विद्यापीठात गेलो होतो. गाडीत बसताच तिचा प्रश्न, "बाबा, एका क्लासला दोन पालक असावेत का? सी प्लस प्लसमध्ये चालतं, जावामध्ये नाही."

संगणकाशी संबंध नसलेल्यांसाठी सांगतो. क्लास म्हणजे वस्तूचा साचा. एका साच्यावरून दुसरा काढला, की पहिल्याचे गुण त्यात आपोआप उतरतात. हा झाला वारसा. दोन साच्यांवरून एक काढला, की दुहेरी वारसा. सी प्लस प्लसमध्ये ही सोय १९८९ च्या २.० आवृत्तीत आली. १९९५ मध्ये आलेल्या जावाने क्लासला एकच पालक ठेवला.

मी दुहेरी वारशाच्या बाजूचा, आणि त्याला कारण आहे. नोकरीच्या सुरुवातीला एका कंपनीत पंपांवर लक्ष ठेवणारा प्रोग्राम आम्ही लिहिला. पंप हे यंत्रही आणि अलार्म देणारे साधनही. पण नियम असा, की पालक एकच! मग अलार्मचा मजकूर पंपाच्या क्लासमध्ये चक्क उतरवून घेतला. पुढे मूळ अलार्ममध्ये सुधारणा झाली: एकदा बंद केला तरी उष्णता कायम असेल तर पुन्हा वाजायचा. नक्कल मात्र तशीच राहिली. एका रात्री पाळी बदलताना अलार्म बंद केला गेला, तो परत वाजलाच नाही. सकाळी पंपाचे बेअरिंग जळालेले! वारसा घेतला असता तर सुधारणा आपोआप पंपापर्यंत पोचली असती.

विरोधकांची शंकाही खरी आहे. यंत्र आणि अलार्म दोघांचा पूर्वज 'उपकरण', त्याच्याकडे नोंदणी क्रमांक. मग पंपाला क्रमांक दोन की एक?

मुलीला म्हटलं, "हा पेच आपल्याकडे जुनाच. पूर्वी हिंदू कायद्यात 'द्व्यामुष्यायण' दत्तक असे, दोन्ही बापांचा मुलगा आणि दोन्हीकडचा वारस. भावाचा एकुलता एक मुलगा असा घेत."

"म्हणजे दोन्ही बापांचे वडील एकच?"

"एकच! सी प्लस प्लसमध्येही मधल्या दोघांनी पूर्वजाकडून वारसा घेताना 'व्हर्च्युअल' शब्द लिहायचा, की पूर्वज एकच राहतो. नाहीतर एकाच आजोबांचं श्राद्ध दोनदा!"

ती खूप हसली. मग म्हणाली, "पण दोन्ही बापांनी वेगवेगळं सांगितलं तर?"

तेव्हा मुलाने स्वतः ठरवायचे, म्हणजे तो भाग पंपाच्या क्लासमध्ये स्पष्ट लिहायचा. ते कष्ट आहेतच. म्हणून जिथे वस्तू खरोखर दोन्ही घरची असेल, तिथेच हा वारसा घ्यावा. जावानेही २०१४ च्या आठव्या आवृत्तीत इंटरफेसमध्ये तयार कृती लिहायची मुभा दिली, म्हणजे दार थोडे उघडलेच की!

घरी पोचल्यावर ती आजीशी फोनवर मराठीत बोलली, मैत्रिणीशी अरबीत. मी काही बोललो नाही.