आधी छापील किंमत, मग चव

पाच रुपयांच्या पाकिटात काय घालायचं हे ठरण्याच्या कितीतरी आधी त्याचे पाच रुपये ठरलेले असतात. खाद्यपदार्थांच्या धंद्यात काही वर्षं काढलेल्या माझ्यासारख्या कुणालाही याचं नवल वाटणार नाही. मीटिंग सुरू होते तीच 'ग्रॅमेज'वर. पामतेल महागलंय, तर पाकिटातले किती ग्रॅम काढायचे? किमतीला हात लावायचा नाही, कारण पोराच्या मुठीत पाचाचं नाणं असतं आणि सहा रुपये झाले की दुकानदार सुट्ट्यावरून कुरकुरतो. मग वजन उतरतं. चवीचं बघणारी मंडळी त्यानंतर खोलीत येतात. चाचणीला बसवलेल्यांना आम्ही "आवडलं का?" असं विचारायचो खरे, पण डोळा असायचा तो बशीत किती उरलंय यावर. आवडलं म्हणून थांबणारा माणूस कंपनीच्या कामाचा नाही. आणखी मागणारा कामाचा.

त्या खोल्यांमध्ये घाटघरचं नाव कधी निघालं नसेल. माल मात्र तिथे बिनचूक पोचतो. जुन्नरच्या पश्चिमेला, जीवधन किल्ल्याच्या पायथ्याशी असलेलं हे महादेव कोळ्यांचं गाव, पुढे नाणेघाट. सातवाहनांच्या काळापासून कोकणातला माल याच वाटेने वर चढायचा, आता वाऱ्याने वर उडणाऱ्या उलट्या धबधब्यासाठी गाड्या येतात. पावसाळ्यातल्या रविवारी ताडपत्रीच्या टपऱ्या लागतात. वर पाकिटांच्या लडी, खाली गॅस, पाटीवर पहिलं नाव मॅगी. कांदाभजी, चहा, मक्याचं कणीस त्यानंतर.

दोन मिनिटांत शिजण्यामागची गंमत गिऱ्हाइकाला ठाऊक नसते. नूडल्स कारखान्यात आधीच वाफवून तेलात तळलेल्या असतात. तळताना आतलं पाणी वाफ होऊन निघतं, बारीक छिद्रं उरतात आणि त्यांत तेल जाऊन बसतं. टपरीवर उकळतं पाणी त्याच छिद्रांतून आत शिरतं. जपानमध्ये मोमोफुकू आंदो यांनी 1958 साली ही युक्ती बाजारात आणली. म्हणजे भर पावसात आपण 'उकडलेलं' समजून खातो ते मुळात तळणच. शेजारची भजी निदान डोळ्यांदेखत तळली जातात.

मग 2015 उजाडलं. कोलकात्याच्या सरकारी प्रयोगशाळेच्या अहवालात मॅगीत शिशाचं प्रमाण 17.2 पीपीएम निघालं. मर्यादा होती 2.5. जूनमध्ये, ऐन पावसाळ्याच्या तोंडावर, देशभर बंदी आली. बाजारातून परत मागवलेला हजारो टन माल सिमेंटच्या भट्ट्यांत जाळला गेला. त्यातली एक भट्टी आपल्या चंद्रपूरची. तो जाळायलाही कोट्यवधी रुपये मोजावे लागले. ऑगस्टमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने बंदी रद्द केली. मॅगीच्या कंपनीचं म्हणणं नीट ऐकून घेतलं गेलं नव्हतं आणि ज्या प्रयोगशाळांचे अहवाल पुढे केले होते त्या मान्यताप्राप्त नव्हत्या, हे त्यामागचं कारण. फेरतपासणीत शिसं मर्यादेत निघालं, नोव्हेंबरात पाकिटं परत आली.

माझ्या मते त्या सगळ्या गदारोळात खरा तोटा निराळाच झाला. सगळा देश शिसं शोधत बसला आणि मैदा, तेल, मीठ यांच्याकडे कुणी वळूनही पाहिलं नाही. ते तिन्ही पाकिटावर राजरोस छापलेले होते. शिसं नाही म्हटल्यावर पदार्थ पौष्टिक ठरल्यासारखा आनंद झाला! लेबलवरच्या सोडियमच्या आकड्याला अडीचने गुणलं की मीठ कळतं. नूडल्सच्या एका पाकिटात ते दीड-दोन ग्रॅमच्या घरात जातं. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला दिवसभरात 5 ग्रॅमच्या आत राहायला सांगते.

प्रक्रिया केलेलं सगळंच वाईट, असं म्हणायला मात्र मी तयार नाही. घाटघरसारख्या गावात प्रक्रियेवाचून पावसाचे चार महिने निघालेच नसते. भात कांडायचा, नाचणी दळायची, वरईचं टरफल काढायचं, पापड वाळवायचे, कोकणातलं सुकट डब्यात भरून ठेवायचं. ब्राझीलच्या कार्लोस माँतेरो यांनी 2009 साली प्रक्रियेच्या प्रमाणावरून अन्नाची वर्गवारी मांडली, तीत अशा घरगुती खटाटोपाला दोष नाही. त्यांचा रोख अतिप्रक्रिया केलेल्या मालावर आहे. ज्याच्या यादीत घरच्या फडताळात सहसा न सापडणारे घटक असतात, तो हा माल.

या वर्गवारीवर शंका घेणाऱ्यांपैकी एक होते अमेरिकेचे संशोधक केविन हॉल. साखर, मीठ, चरबी सारखी ठेवली तर प्रक्रियेने फरक पडणार नाही, असा त्यांचा होरा होता. त्यांनी 20 जणांना चार आठवडे सरकारी रुग्णालयात ठेवलं. दोन आठवडे साधं जेवण, दोन आठवडे कारखान्यातलं, हवं तेवढं खा. पडद्यामागे स्वयंपाकघराची पंचाईत झाली. कारखान्यातल्या जेवणात तंतुमय भाग भरेच ना. दोन्ही ताटं कागदावर जुळवायला शेवटी तो लिंबाच्या सरबतात विरघळवून द्यावा लागला. 2019 साली निकाल आला. कारखान्याच्या जेवणावर माणसं रोज सुमारे 500 कॅलरी जास्त खात होती, भराभर खात होती आणि पंधरवड्यात किलोच्या आसपास वाढली. बशीकडे बघायची आमची जुनी खोड आठवून मला हसू आलं.

घाटघरला एका टपरीवर मी मावशींना विचारलं, भाकरी-पिठलं का ठेवत नाही?

"घरी हाय की. आदल्या दिशी फोन करा, नाचणीची देते, कुरडूची भाजी पण देते. इथं कोण थांबतंय? गाडीतून उतरलं की मॅगीच मागत्यात."

"आणि तुमची पोरं?"

"त्यांना बी तेच लागतंय आता. रविवारी उरलेलं पाकीट मागत्यात."

मग त्यांनी हिशोब सांगितला. पाऊस फार झाला, रस्ता बंद झाला, तर मळलेलं पीठ वाया जातं, भाजी वाया जाते, सरपण भिजतं. पाकीट पुढच्या रविवारी चालतं. त्याच्या पुढच्याही. उन्हाळ्यात याच मावशी बाळहिरडा गोळा करतात. तो वाळवून पोत्याने व्यापाऱ्याला जातो, दर व्यापारी सांगेल तो. पाकिटावरचा दर छापलेला, आणि डोंगरावर त्याच्या वर चार पैसे सुटतात. हाती येणाऱ्या मालापैकी पाकीट तेवढंच त्यांना स्वतःच्या अंदाजाने विकता येतं. आम्ही कारखान्यात ज्याला शेल्फ लाइफ म्हणायचो आणि ज्याच्यासाठी एवढं तेल, मीठ, रसायनं खर्ची घालायचो, त्याची किंमत मावशींना आमच्या मार्केटिंगवाल्यांपेक्षा नेमकी कळलेली होती.

"तुम्हाला काय देऊ?" त्यांनी विचारलं. भाकरीसाठी मी आदल्या दिवशी फोन केलेला नव्हता.