चूक लपवायला शिकलेली मुलं

सातारा जिल्ह्यात तालुक्याच्या गावी सरकारी आयटीआयमध्ये मी फिटर ट्रेडची निदेशक आहे. दरवर्षी पावसाळ्यात नवी बॅच येते. सोळा-सतरा वर्षांची मुलं, अलीकडे दोन-चार मुलीही. कुणाच्या घरी एकर-दीड एकर शेती, कुणाचे वडील ट्रॅक्टरवर ड्रायव्हर, कुणाची आई पोल्ट्रीत कामाला. दहावीला बहुतेक जण काठावर पास झालेले. त्यांची मार्कलिस्ट मी लगेच बघत नाही. त्याचं कारण पुढे येईलच. पण कोण कसल्या शाळेतून आलाय, हे मला पहिल्या आठवड्यातच कळायला लागतं.

कोण न सांगता मागच्या बाकावर जातो, हजेरीला कोण मान वर न करता ओ देतो, मी शेजारी उभी राहिले की कोणाचे हात थांबतात, यावरून कळतं. एका मुलाची कानस धरायची पद्धत दुरुस्त करायला मी हात पुढे केला, तर त्यानं झटकन खांदा आकसून मान बाजूला केली. त्याला वाटलं, आता पडणार.

शाळेत मूल भाषा, गणित, विज्ञान शिकतं. त्याच वेळी ते स्वतःविषयीही शिकत असतं: आपल्याला जमतं का, चुकल्यावर काय होतं, विचारलं तर कोणी समजावून सांगतं की वर्ग हसतो. पहिल्या शिकण्याची परीक्षा होते आणि त्यातलं बरंचसं पुढे विसरलं जातं. दुसऱ्याची परीक्षा कोणी घेत नाही, पण ते अंगात मुरतं. मला ते रोज वर्कशॉपमध्ये दिसतं.

घासलेलं लोखंड परत येत नाही

फिटरच्या मुलांच्या हातात सुरुवातीला मुख्यतः कानस असते. माइल्ड स्टीलचा तुकडा व्हाइसमध्ये पकडायचा, एक बाजू सपाट करायची, मग शेजारची बाजू तिच्याशी काटकोनात आणायची. आखणीसाठी मोरचुदाचं पाणी लावतात. लोखंडावर तांबूस थर चढतो आणि त्यावर स्क्रायबरची रेघ उठून दिसते. रेघेवर पंचानं बारीक ठिपके मारायचे. काम रेघेपर्यंत नेमकं आलं, तर प्रत्येक ठिपका अर्धा शिल्लक राहतो.

ऐकायला सोपं आहे. पण नवशिक्याच्या हातात कानस झोके खाते. कडा जास्त घासल्या जातात आणि मध्ये फुगवटा राहतो. ट्राय स्क्वेअर लावून तुकडा खिडकीकडे धरला की दोन्ही कडांशी उजेडाची फट दिसते. फट दिसली की एक हाक मारायची, एवढंच करायचं असतं. दोष बहुधा उभं राहण्यात किंवा पुढच्या हाताच्या दाबात असतो आणि पाच मिनिटांत तो दाखवता येतो.

पुष्कळ मुलं हाक मारत नाहीत. फट दिसते, तरी मान खाली घालून घासत राहतात. रेघ जाते, ठिपके जातात, तुकडा अंडरसाइज होतो. घासलेलं लोखंड काही परत येत नाही. मग तो तुकडा घेऊन येतात, तेही अंगठा नेमका बिघडलेल्या कडेवर ठेवून.

"अरे, मघाशीच का नाही बोलावलंस?"

"तुम्ही ओरडाल वाटलं, मॅडम."

कधी उत्तर येतं, "समद्यांपुढं कसं विचारायचं?"

ही मुलं आळशी नाहीत, मंदही नाहीत. दहा वर्षांच्या अनुभवावरून त्यांनी काढलेला हा निष्कर्ष आहे. चूक दिसली की लाल फुली, फुलीमागे वर्गापुढे उभं राहणं, मग हसू किंवा छडी. अशा ठिकाणी चूक झाकणारं मूल सुरक्षित राहतं आणि चूक दाखवणारं मार खातं. कारखान्यात मात्र हीच सवय महागात पडते. मापात चुकलेला पार्ट गुपचूप पुढे गेला की असेंब्लीत अडतो. मशीनबद्दलची शंका विचारायला लाजणारा मुलगा बोट गमावू शकतो.

गणिताची भीती हा याच शिक्षणाचा दुसरा धडा. एका मुलीनं वर्नियर हातात घ्यायलाच नकार दिला होता. "दशांश मला येतच नाय, मॅडम." तिच्या घरी पिठाची गिरणी आहे आणि सुट्टीच्या दिवशी ती गिरणीवर बसते. मी विचारलं, "गिरणीवर हिशेब कोण करतं?" म्हणाली, "मीच. पण ते वेगळं." मी म्हटलं, "वेगळं कसं? दोन किलो साडेतीनशे ग्रॅम म्हणजे काट्यावर काय दिसतं?" ती म्हणाली, "दोन पॉइंट तीनशे पन्नास." आणि गप्प होऊन माझ्याकडे बघत राहिली. वर्नियरला याहून जास्त काही लागत नाही: मेन स्केल वाचायची, जुळलेली रेघ कितवी ते बघायचं, तिला 0.02 नं गुणायचं आणि बेरीज करायची. दिवाळीपर्यंत बॅचमधली इतर मुलं आपली मापं तिच्याकडून तपासून घ्यायला लागली. दशांश तिला आधीपासून येत होता. तो आपल्याला येत नाही, हे शाळेनं तिच्या मनात बसवलं होतं.

शिक्का कसा बसतो

ओळख करून देताना ही मुलं अजूनही तुकडी सांगतात. "मी ड मध्ये होतो." पुष्कळ हायस्कुलांत मार्कांवरून तुकड्या पाडतात. एकसारख्या पातळीची मुलं एकत्र शिकवायला सोपी जातात, हे त्यामागचं कारण आणि त्यात शाळेची सोय आहे. पण अनुभवी शिक्षक, जादा तास, स्कॉलरशिपची तयारी हे सगळं अ तुकडीकडे वाहत जातं. ड तुकडीचा तास रिकामा गेला तरी कोणी धावत येत नाही. आपल्याकडून कोणाची काही अपेक्षा नाही, हे मुलाला त्यावरून स्वच्छ समजतं.

शिक्षकाच्या अपेक्षेनं मुलात फरक पडतो का, याचा एक गाजलेला प्रयोग 1960 च्या दशकात अमेरिकेत कॅलिफोर्नियात झाला. मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट रोझेन्थाल आणि शाळेच्या मुख्याध्यापिका लेनोर जेकबसन यांनी एका प्राथमिक शाळेत बुद्धिमत्ता चाचणी घेतली आणि शिक्षकांना काही मुलांची नावं दिली: ही मुलं यंदा झपाट्यानं पुढे जातील. खरं तर ही नावं, साधारण पाचातलं एक, चिठ्ठ्या टाकाव्यात तशी निवडली होती. वर्षाअखेर पुन्हा चाचणी घेतली, तेव्हा पहिली-दुसरीतली ही मुलं इतरांपेक्षा ठळकपणे पुढे गेलेली दिसली. 1968 साली यावरचं पुस्तक आलं, 'पिग्मॅलियन इन द क्लासरूम'.

प्रयोगावर टीकाही भरपूर झाली. परिणाम आधी वाटला तेवढा मोठा नसतो, असं नंतरच्या अभ्यासांतून दिसलं. त्या अभ्यासांतली एक गोष्ट मला फार मोलाची वाटते. शिक्षक त्या मुलांना आधीपासून ओळखत असेल, तर बाहेरून आलेल्या अशा शेऱ्याचा परिणाम जवळजवळ उरत नाही. ओळख व्हायच्या आत कानावर पडलेला शेरा मात्र काम करून जातो. म्हणून मुलांचं काम डोळ्यांखालून जाईपर्यंत मी त्यांची मार्कलिस्ट मागवत नाही.

अपेक्षा मुलापर्यंत पोहोचते कशी, हेही रोझेन्थाल यांनी मांडलं आहे. ज्याच्याकडून आशा असते त्याच्याशी शिक्षक मायेनं वागतो, त्याला जास्त शिकवतो, उत्तर द्यायला जास्त संधी देतो, आणि काय बरोबर आणि काय चुकलं ते नेमकं सांगतो. आशा नसलेल्याला 'ठीक आहे, बस खाली' एवढ्यावर सोडतो. यात मुद्दाम केलेला दुष्टपणा नसतो, त्यामुळे करणाऱ्याच्या ते लक्षातही येत नाही.

मेरी बड रो या अमेरिकी संशोधिकेनं वर्गातली शांतता मोजली होती. प्रश्न विचारल्यावर शिक्षक जेमतेम एक सेकंद थांबतात आणि दुसऱ्याकडे वळतात, असं त्यांना आढळलं. तेच तीन सेकंद थांबलं तर उत्तरं लांब येतात, आणि एरवी गप्प असणारी मुलंही बोलतात. याला अनुदान लागत नाही, जीआर लागत नाही.

साताऱ्याची शाळा

साताऱ्यात राहून हा विषय काढला की 7 नोव्हेंबर 1900 हा दिवस आठवतोच. त्या दिवशी भीमराव आंबेडकर साताऱ्याच्या सरकारी शाळेत दाखल झाले. तेच आजचं प्रतापसिंह हायस्कूल. 2017 पासून महाराष्ट्रात हा दिवस विद्यार्थी दिवस म्हणून पाळतात. शाळेत ते घरून नेलेल्या गोणपाटावर, वर्गाच्या कोपऱ्यात बसत. शिपाई असेल तरच पाणी मिळे, नसेल तर तहानलेलं राहायचं. हे सगळं त्यांनी स्वतः लिहून ठेवलं आहे. एवढा मोठा झालेला माणूस ती तहान विसरला नव्हता.

अपमानातून माणूस घडतो, असा अर्थ यातून कोणी काढू नये. त्याच वागणुकीनं ज्यांनी शाळा सोडली, त्यांनी काही लिहून ठेवलेलं नाही. बाबासाहेबांच्या अफाट जिद्दीला वेळेवर साथ देणारे एक शिक्षक भेटले, हेही त्यांच्या चरित्रात आहे. मुंबईत चर्नी रोडच्या बागेत वाचत बसणाऱ्या या मुलाकडे कृष्णाजी अर्जुन केळुसकरांचं लक्ष गेलं. केळुसकर दुसऱ्याच शाळेत, विल्सन हायस्कूलमध्ये शिकवत. भीमराव 1907 साली मॅट्रिक झाले, तेव्हा केळुसकरांनी स्वतः लिहिलेलं बुद्धचरित्र त्यांना भेट दिलं आणि पुढच्या शिक्षणासाठी सयाजीराव गायकवाडांकडे शब्द टाकला.

त्याच्याही आधी, 1855 साली, जोतीराव आणि सावित्रीबाईंच्या शाळेत शिकलेल्या चौदा वर्षांच्या मुक्ता साळवेचा निबंध 'ज्ञानोदय'मध्ये छापून आला. मांग-महारांचं दुःख तिनं त्यात मांडलं आणि धर्मालाच जाब विचारला. जेमतेम तीन वर्षांची शाळा, पण त्या शाळेत प्रश्न विचारणं हा गुन्हा नव्हता.

ही थोरांची उदाहरणं झाली. चांगल्या शाळेचं काम अगदी छोट्या गोष्टींतूनही होतं. एका बॅचमध्ये एक मुलगा फट दिसली की लगेच हाक मारायचा. त्याचे मार्क इतरांसारखेच, बेताचे. मी त्याला विचारलं, तर म्हणाला, "शाळेत प्रयोगशाळेची चावी माझ्याकडं असायची." एकदा त्याच्या हातून बीकर फुटला. सरांनी काचा कशा उचलायच्या ते दाखवलं आणि ब्रेकेज रजिस्टरमध्ये नोंद करायला सांगितलं, बस. चूक झाली की सांगायची, नोंदवायची आणि पुढच्या कामाला लागायचं, हे तो मुलगा तिथं शिकून आला होता. त्या सरांना हे कधी कळलंही नसेल.

येत्या जूनपासून

शिक्षण हक्क कायदा 1 एप्रिल 2010 पासून लागू आहे. त्याच्या 17 व्या कलमानं शारीरिक शिक्षेला बंदी आहे, तशीच मानसिक छळालाही. मारायचं नाही, हे आता सगळ्यांना माहीत झालंय. पण 'तुझ्या डोक्यात बटाटे भरलेत' असं चाळीस मुलांपुढे म्हणणंही त्याच कलमात येतं, याकडे फारसं कोणी बघत नाही. माझ्याकडे येणाऱ्या मुलांना छडीचे वळ आठवतातच असं नाही. असली वाक्यं मात्र शब्दाला शब्द पाठ असतात.

माझ्या वर्कशॉपमध्ये आम्ही बिघडलेले तुकडे फेकत नाही. शनिवारी ते टेबलावर मांडतो, नाव न लावता. हा कशानं बिघडला असेल, ते सगळ्यांनी मिळून शोधायचं. सुरुवातीला कोणी बोलत नाही. हळूहळू कोणीतरी म्हणतो, "मॅडम, ह्यो माझाच हाय. दाब पुढं जास्त पडला." त्याला कोणी हसत नाही, कारण पुढचा तुकडा हसणाऱ्याचा असू शकतो. मग बाकीचे बोलायला लागतात. सतराव्या वर्षीही मुलं स्वतःविषयीचं मत बदलतात, हे मी एकेका सत्रात पाहिलं आहे.

पण ती सगळीच आमच्यापर्यंत येत नाहीत. दहावीनंतर कुठंच न गेलेल्यांची दुरुस्ती करायला कोणीच नसतं. त्यामुळे हे काम शाळेतच व्हायला हवं. शिक्षकांना माझी विनंती आहे, की चाचणीचे पेपर वाटताना मार्क मोठ्यानं वाचू नका, आणि प्रश्न विचारल्यावर मनात तीन आकडे मोजा. पालकांनी 'किती पडले?' च्या आधी 'काय अडलं?' हे विचारावं. मुख्याध्यापकांनी मार्कांवरून तुकड्या पाडणं बंद करावं. तेवढं लगेच जमत नसेल, तर येत्या जूनमध्ये वेळापत्रक लावताना शाळेतला सगळ्यात अनुभवी शिक्षक ड तुकडीला द्यावा.