परत द्यायची गाडी

फळ्यावरचा विषय वाचून एकदोघांनी दारातच आम्हाला विचारलं, सर, तत्त्वज्ञानाचा माणूस गाड्यांवर कधीपासून बोलायला लागला? उत्तर सोपं आहे. घरात प्रकरण उभं राहिलं तेव्हापासून.

आमचा पुतण्या वाळूजला एका कारखान्यात नोकरीला आहे. त्याला कंपनीमार्फत लीजवर गाडी मिळाली होती. तीन वर्षं दरमहा पगारातून पैसे कापले जायचे, आणि मुदत संपली की गाडी परत करायची, नाहीतर ठरलेली रक्कम भरून विकत घ्यायची. त्याने परत करायचं ठरवलं. पण तीन वर्षांत गडी काही स्वस्थ बसला नव्हता. अलॉय व्हील घातली, मोठा म्युझिक सिस्टिम बसवला, पुढे बंपरला लोखंडी गार्ड लावला. आणि एक काम त्याने आमच्यासाठी केलं. आमच्या सौभाग्यवतींना आठवड्यातून तीनदा डायलिसिसला खुलताबादहून शहरात न्यावं लागायचं. गाडीत चढता यावं म्हणून त्याने पुढच्या दाराशी, खांबाच्या प्लॅस्टिकमध्ये दोन स्क्रू मारून एक हँडल बसवून घेतलं. दौलताबादच्या घाटातही त्या त्याच हँडलला धरून बसायच्या. गेल्या वर्षी त्या गेल्या. गाडी परत द्यायची वेळ आली तेव्हा पुतण्या म्हणाला, "काका, हँडल काढून भोकांवर स्टिकर लावून देतो. कुणाला कळणार नाही."

आम्ही त्याला लगेच उत्तर देऊ शकलो नाही. आजचं व्याख्यान म्हणजे तेव्हा न सुचलेलं उत्तर समजा.

आपल्यातल्या पन्नाशीपुढच्यांना तासावर मिळणारी सायकल आठवत असेल. दुकानदार वहीत वेळ लिहायचा. आपण कोपरा वळलो की पहिलं काम म्हणजे सीट खाली करायची, हँडल फिरवून आपल्या उंचीला आणायचं, आणि परत देताना पुन्हा होतं तसं. त्यात कुणाला पाप वाटत नव्हतं, आणि ते पाप नव्हतंच. पण कुणी मडगार्ड कापून टाकलं असतं तर? दुसरं उदाहरण स्वयंपाकघरातलं. शेजारून आणलेली वाटी रिकामी परत देऊ नये म्हणतात. आपण त्यात साखर घालतो, चार लाडू घालतो. वाटीवर आपलं नाव मात्र घालून देत नाही! लाडू काढून घेता येतात, कोरलेलं नाव नाही. आपल्या आज्यांना हा फरक कायद्याचं पुस्तक न वाचता ठाऊक होता.

कायद्याचं पुस्तक आम्ही मात्र मुद्दाम काढून वाचलं. भाड्याने घेतलेली वस्तू म्हणजे 1872 च्या करार कायद्याच्या भाषेत निक्षेप. आपला जुना शब्द ठेव, जवळपास तोच अर्थ. कलम 151 म्हणतं की सामान्य शहाणा माणूस स्वतःच्या वस्तूची जेवढी काळजी घेईल तेवढी घ्या. पुढे 155 ते 157 या कलमांत आपली वस्तू दुसऱ्याच्या वस्तूत मिसळण्याचा विचार आहे, आणि त्यातली उदाहरणं फार छान आहेत. कापसाच्या गाठी मिसळल्या, पण प्रत्येकीवर खूण आहे. मग ज्याच्या गाठी त्याच्याच राहतात. मात्र मालकाला न विचारता मिसळल्या असतील तर वेगळ्या करण्याचा खर्च आणि त्यात झालेलं नुकसान मिसळणाऱ्याचं. दुसरं उदाहरण पिठाचं. 45 रुपयांच्या पिंपातल्या चांगल्या पिठात कुणीतरी स्वतःचं 25 रुपयांचं देशी पीठ मिसळलं. आता वेगळं कसं करणार? भरपाई द्या.

कलमं मालाच्या मिसळण्यासाठी लिहिलेली आहेत, गाडीच्या सुट्या भागांसाठी नव्हे. आणि लीजच्या करारात जे लिहिलं असेल ते आधी बघावं लागतं. पण विचार करायला ही उदाहरणं पुरेशी आहेत. अलॉय व्हील म्हणजे गाठी. चार-पाच नट सोडले की आपली आपल्याकडे. म्युझिक सिस्टिम? तो कसा बसवला त्यावर आहे. कंपनीच्या कपलरला जोडला असेल तर गाठ. मूळ वायर कापून, पिळून, वर काळी टेप गुंडाळली असेल तर पीठ. पुतण्याचं पीठ झालं होतं.

बंपरच्या गार्डची गोष्ट आणखी वेगळी. तिथे प्रश्न नुसत्या गाडीमालकाचा नाही. मोटार वाहन कायद्याचं कलम 52 सांगतं की उत्पादकाने मुळात दिलेल्या तपशिलापेक्षा नोंदणीतला तपशील वेगळा पडेल असा बदल करू नये. जानेवारी 2019 मध्ये सुप्रीम कोर्टाने केरळच्या प्रकरणात हेच ठणकावून सांगितलं. असल्या लोखंडी गार्डविरुद्ध कारवाई करा, असं केंद्राने राज्यांना 2017 च्या डिसेंबरातच कळवलं होतं, कारण धडक बसली तर समोरच्या पायी माणसाला ते जास्त लागतं. म्हणजे मालकाने हो म्हटलं असतं तरी ते लावायला नको होतं. ते आम्ही त्याच दिवशी काढायला लावलं. यात तत्त्वज्ञान नाही.

आता तत्त्वज्ञानाकडे येऊ. "होती तशी परत द्या" यातलं "तशी" म्हणजे काय? शहरात मिलिंद महाविद्यालय आहे, बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने 1950 साली सुरू केलेलं. परिसराचं नाव नागसेनवन. ही दोन नावं ज्या पाली ग्रंथातून आली, त्या मिलिंदपञ्हात नागसेन भिक्षू राजाला विचारतात, तू पायी आलास की वाहनातून? राजा म्हणतो, रथातून. मग रथ दाखव. आस म्हणजे रथ का? नाही. चाकं? नाही. दांडा? नाही. शेवटी राजा कबूल करतो की हे सगळे भाग आहेत म्हणून 'रथ' हे नाव चालतं. नागसेनांनी राजाला वाहनाचाच दाखला दिला, याचं आम्हाला शिकवताना नेहमी कौतुक वाटायचं. तिकडे सतराव्या शतकात इंग्लंडमध्ये हॉब्जने ग्रीकांचं जुनं कोडं पुढे नेलं. जहाजाची एकेक फळी बदलत गेली आणि कुणीतरी त्या काढलेल्या जुन्या फळ्या जपून त्यांचं पुन्हा जहाज जुळवलं, तर खरं जहाज कोणतं? वर्गात मुलं यावर हसायची. आम्हीही हसायचो. पण पुतण्याने गाडीची मूळ चाकं आमच्याच माळ्यावर ठेवली होती! हॉब्जच्या फळ्या तीन वर्षं आमच्या डोक्यावर होत्या.

ती चाकं परत बसवली तेव्हा गंमत झाली. मीटर तीन वर्षांचं, टायर जवळजवळ कोरे. म्हणजे 'होती तशी' देण्याच्या नादात गाडी वयापेक्षा तरुण झाली. कोऱ्या टायरचे कुणी पैसे देत नाही, आणि आम्हाला ते रास्तच वाटतं. आपण न विचारता केलेली सुधारणा हे समोरच्यावरचं कर्ज नव्हे.

तेव्हा "तशी" म्हणजे तीन वर्षांपूर्वीची तीच गाडी, असं नाही. ती कुणालाच देता येणार नाही. सीट दबणार, पेडलचं रबर गुळगुळीत होणार. ही झीज, ती काळाची आहे आणि भाड्यात धरलेली आहे. बदल आपला आहे. काढता येण्यासारखा बदल आपल्या खर्चाने काढायचा. जो काढूनही उरतो, त्याचा हिशेब द्यायचा. आमची अडचण इथेच होती. बाईला गाडीत चढता यावं म्हणून पाडलेलं भोक आणि हौसेखातर कापलेली वायर, ही दोन्ही कराराच्या डोळ्यांना सारखीच दिसतात. आम्हाला सारखी दिसत नव्हती. आत कुठेतरी वाटत होतं की त्या भोकाचे पैसे मागणं हा आमच्या दुःखाचा अपमान आहे. दोन दिवस हा विचार केल्यावर लक्षात आलं की मालकाने आमचं काहीच बिघडवलेलं नाही. आधी विचारलं असतं तर कदाचित तो आनंदाने हो म्हणाला असता. आम्ही विचारलं नाही. हेतू चांगला होता म्हणून भोक बुजत नाही. आणि स्टिकरने तर नाहीच. भोक झाकलं जातं, वर एक खोटं चिकटतं. पुढे ती गाडी जो घेईल, त्यालाही ते खोटं मिळणार.

पुतण्याला आम्ही एवढंच म्हणालो, "काकूचं हँडल होतं. लपवायचं कशाला?"

तपासणीला एक तरुण मुलगा आला होता. हातात टॉर्च आणि फॉर्म. पुतण्याने वायर आणि भोकं दोन्ही स्वतःहून दाखवली. त्याने फोटो काढले, हँडल कशासाठी होतं ते विचारलं, क्षणभर थांबला, आणि रकाना भरला. वायरिंगचे आणि त्या प्लॅस्टिकच्या पट्टीचे पैसे कापले गेले. वायरिंगचे पुतण्याने भरले, पट्टीचे आम्ही.

हँडल आता आमच्या न्हाणीघराच्या दाराशी आहे. आम्हालाच लागतं. घर स्वतःचं असल्यामुळे भोकं पाडताना कुणाला विचारावं लागलं नाही. बरं, आता कुणाचे काही प्रश्न असतील तर घेऊ.